पोटॅशची गोणी, बँकेचा निरोप आणि नाक दाबण्याचं राजकारण

23 मे 2021 ची गोष्ट. ग्रीसच्या अथेन्सहून लिथुआनियातल्या व्हिल्नियसला निघालेलं रायनएअर कंपनीचं प्रवासी विमान बेलारूस देशावरून चाललं होतं. विमानात बॉम्ब आहे, असा निरोप खालून वैमानिकाला मिळाला. सोबत बेलारूसचं लढाऊ विमान आलं आणि हे विमान मिन्स्क शहरात उतरवलं गेलं. बॉम्ब काही सापडला नाही. सापडला तो रोमान प्रोतासेविच नावाचा सरकारविरोधी पत्रकार. त्याला तिथंच अटक झाली.

आता या घटनेचा आपल्याकडच्या केळीशी, उसाशी, डाळिंबाशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध आहे, आणि तो थेट खताच्या दुकानापर्यंत येतो.

बेलारूसमध्ये पोटॅशच्या मोठ्या खाणी आहेत. जगात जेवढं पोटॅश एका देशातून दुसऱ्या देशात जातं, त्यातलं साधारण पाचव्या हिश्श्याचं या एका लहान देशातून निघायचं. भारतात पोटॅशची चालू खाण नाही. आपण वापरतो ते म्युरेट ऑफ पोटॅश, ज्याला दुकानात एमओपी म्हणतात, सगळं बाहेरून येतं. विमानाच्या प्रकरणानंतर युरोपीय संघानं बेलारूसवर निर्बंध लावले. ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकेनं तिथल्या सरकारी पोटॅश कंपनीला काळ्या यादीत टाकलं, डिसेंबरात तिच्या विक्री कंपनीलाही. बेलारूसला समुद्र नाही. त्याचं पोटॅश रेल्वेनं शेजारच्या लिथुआनियातून क्लायपेडा बंदरावर जायचं आणि तिथून जहाजात चढायचं. 1 फेब्रुवारी 2022 पासून लिथुआनियानं ती रेल्वे बंद केली. पुढं तीन आठवड्यांत रशियानं युक्रेनवर हल्ला केला. रशियासुद्धा पोटॅशचा मोठा विक्रेता.

2021 च्या सुरुवातीला भारतानं टनाला 250 डॉलरच्या आसपास दरानं पोटॅशचा करार केला होता. 2022 चा करार 590 डॉलरनं झाला. दुकानात पन्नास किलोची गोणी 1,700 रुपयांपर्यंत गेली. भाव वाढायला बाकीही कारणं होती, गॅस महागला होता, जहाजांचं भाडं वाढलं होतं, हे खरं. पण एक विमान उतरवलं आणि रेल्वेचा एक रूळ बंद झाला, याचा त्यात वाटा होता हे कुणी नाकारत नाही.

हे असं का होतं, एका ठिकाणची कळ दाबली की हजारो कोसांवरचा माणूस का कळवळतो, याचा अभ्यास करणारी माणसं आहेत. विद्यापीठात त्या विषयाला आंतरराष्ट्रीय संबंध आणि सुरक्षा अभ्यास म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण आतला मामला बराचसा गावकीसारखाच आहे. कोण कुणावर अवलंबून, कुणाची जमीन कुणाच्या बांधाला लागून, कुणाचं कुणाशिवाय अडतं, हेच देशांच्या बाबतीत पाहायचं.

रणगाड्यांपासून खातेवहीपर्यंत

पूर्वी सुरक्षा अभ्यास म्हटलं की रणगाडे, विमानं, अणुबॉम्ब असाच हिशेब असायचा. कुणाकडं किती फौज, कुठली सीमा कच्ची. आपल्याकडं 1965 साली दिल्लीत संरक्षणाचा अभ्यास करणारी संस्था उभी राहिली तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि 1962 च्या चीन युद्धाची जखम ताजी होती. त्या काळी तोच विचार रास्त होता. आजही सीमेवर जवान उभा आहेच, आपल्याकडच्या कितीतरी गावांतली पोरं तिथं आहेत. पण देशाला गुडघ्यावर आणायचं तर गोळीच झाडावी लागते असं आता राहिलं नाही, आणि अभ्यासकांचं लक्षही त्याप्रमाणं सरकलं.

या सरकलेल्या अभ्यासात दोन नावं सारखी घेतली जातात. हेन्री फॅरेल हे मूळचे आयर्लंडचे, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवतात. अब्राहम न्यूमन हे जॉर्जटाउन विद्यापीठात. दोघांनी मिळून 2019 साली इंटरनॅशनल सिक्युरिटी नावाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यातल्या कल्पनेला इंग्रजीत वेपनाइज्ड इंटरडिपेंडन्स म्हणतात. मराठीत सांगायचं तर, एकमेकांवर अवलंबून असण्याचंच शस्त्र करणं. 2023 मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी अंडरग्राउंड एम्पायर हे पुस्तकही काढलं.

गंमत म्हणजे दोघांची सुरुवात युद्धाच्या अभ्यासापासून झालेली नाही. त्यांचा विषय होता माणसाची खासगी माहिती. युरोपात माहितीच्या गुप्ततेचे कायदे कडक, अमेरिकेत ढिले, मग दोन्हीकडच्या सरकारांचं भांडण होतं ते कसं मिटतं, हे ते पाहत होते. त्या कामात त्यांच्यासमोर आलं ते स्विफ्ट.

स्विफ्ट म्हणजे बँकांचं टपालखातं समजा. एका देशातल्या बँकेनं दुसऱ्या देशातल्या बँकेला पैसे पाठवायचे तर खरे पैसे पेटीत भरून जात नाहीत, निरोप जातो. अमुक खात्यातून इतके वजा करा, तमुक खात्यात इतके जमा करा. हे निरोप नेण्यासाठी बँकांनी 1973 साली बेल्जियममध्ये सहकारी तत्त्वावर ही संस्था काढली. मालक बँकाच. आज दोनशेहून जास्त देशांतल्या अकरा हजारांवर संस्था तिच्यावरून निरोप पाठवतात. द्राक्षाचा कंटेनर युरोपात गेल्यावर निर्यातदाराच्या बँकेत पैसे जमा होतात, तेव्हा मधे कुठंतरी हा निरोप धावलेला असतो.

सप्टेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या इमारतींवर विमानं आदळली. अमेरिकेच्या अर्थखात्याला दहशतवाद्यांचा पैसा शोधायचा होता. स्विफ्टचं कार्यालय बेल्जियममध्ये असलं तरी तिच्या संगणकांचा एक मोठा साठा अमेरिकेत होता. अमेरिकेनं आपल्या कायद्याच्या नोटिसा काढून तिथून माहिती घ्यायला सुरुवात केली. हे गुपचूप चाललं होतं. जून 2006 मध्ये वर्तमानपत्रानं ते फोडलं आणि युरोपात गदारोळ झाला. करार झाले, मोडले, पुन्हा झाले. 2010 मध्ये युरोपच्या संसदेनं एक करार फेटाळलासुद्धा. पण त्यानंतर काही महिन्यांतच दुसरा मंजूर झाला आणि माहिती जात राहिली.

फॅरेल आणि न्यूमन यांना यात एक गोष्ट दिसली, जी तोवर फारशी कुणी मांडली नव्हती. स्विफ्ट बँकांनी सोयीसाठी बांधलं. कुणाला धाक दाखवायला ते नव्हतं. पण सगळ्यांचं सगळं एका जागेवरून जायला लागलं, आणि मग त्या जागेवर ज्याचा हात पोचतो त्याच्याकडं न मागता ताकद आली.

चारीचं गेट आणि आडत्याची वही

या ताकदीचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. दोन्ही आपल्याकडच्या माणसाला चटकन कळतील.

पहिला प्रकार कालव्यावरचा. हेडचा शेतकरी आणि टेलचा शेतकरी हा फरक ज्याला माहीत आहे त्याला वेगळं शिकवायला नको. टेलच्या माणसाकडं वीस एकर असो, विहीर कोरडी असेल तर वरच्या चारीचं गेट ज्याच्या हातात, त्याच्या मर्जीवर पीक. गेट बंद करणाऱ्याकडं स्वतःची दोन एकरसुद्धा नसेल. जमीन किती याला तिथं किंमत नाही, जागा कुठली याला आहे. इंग्रजीत याला चोकपॉइंट म्हणतात, आपण नाकं म्हणू. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण याच कामासाठी आहे.

दुसरा प्रकार वहीचा. गावातला एकच आडत्या असेल, सगळा माल त्याच्याकडं जात असेल, तर त्याला कुणाला न विचारता सगळं कळतं. कुणाचा कांदा किती निघाला, कुणी कुणाकडून उचल घेतली, कुणाच्या घरी लग्न आहे आणि म्हणून कोण पडत्या भावात विकणार. त्यानं काही अडवलं नाही तरी नुसत्या माहितीवर तो पुढं असतो. या प्रकाराला दोघांनी पॅनॉप्टिकॉन असं नाव दिलं. अठराव्या शतकात जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंतानं एका तुरुंगाचा आराखडा केला होता, मधोमध मनोरा आणि भोवती गोलाकार कोठड्या. मनोऱ्यातला एक पहारेकरी सगळ्यांना बघू शकतो, कैद्यांना मात्र तो बघतोय की नाही ते कळत नाही. त्याचं हे नाव. 2001 नंतर अमेरिकेनं स्विफ्टचा वापर केला तो या दुसऱ्या प्रकारानं. पहिला प्रकार नंतर आला.

2012 च्या मार्च महिन्यात इराणच्या बँकांना स्विफ्टमधून बाहेर काढलं गेलं. कारण इराणचा अणुकार्यक्रम. त्या वेळी युरोपही अमेरिकेबरोबर होता. 2015 मध्ये समझोता झाला, बँका परत आत आल्या. 2018 मध्ये ट्रम्प सरकारनं समझोता मोडला आणि पुन्हा निर्बंध लावले. या खेपेला युरोपची सरकारं विरोधात होती. तरी बेल्जियममधल्या, युरोपच्या कायद्याखालच्या या संस्थेनं इराणच्या काही बँकांची सेवा थांबवली. कारण साधं होतं. जगातला मोठा व्यवहार डॉलरमध्ये होतो, डॉलरचा हिशेब शेवटी अमेरिकेतल्या बँकांत मिटतो आणि तिथून हाकललं जाण्याची कुठल्याच बँकेची तयारी नव्हती. फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटननं इराणशी व्यापारासाठी इन्स्टेक्स नावाची वेगळी वाट काढून पाहिली. तिच्यावरून पहिला व्यवहार व्हायला मार्च 2020 उजाडलं आणि 2023 मध्ये ती बंदच केली. युरोपसारख्या श्रीमंत मंडळींची ही गत झाली.

याची झळ आपल्याकडंही बसली, फक्त तेव्हा तिला हे नाव कुणी दिलं नाही. इराणकडून भारत तेल घ्यायचा. डॉलरचा रस्ता बंद झाला म्हणून तेलाच्या पैशाचा काही भाग रुपयांत, कोलकात्याच्या युको बँकेत इराणच्या नावे जमा व्हायचा. इराण त्या रुपयांतून भारताकडून बासमती, चहा, सोयापेंड घ्यायचा. अमेरिकेनं दिलेली सवलत मे 2019 मध्ये संपली आणि भारतानं इराणचं तेल घेणं थांबवलं. तेल थांबलं म्हणजे खात्यात रुपये यायचे थांबले. खातं आटत गेलं, तसे पंजाब-हरियाणातले बासमतीवाले पेमेंटसाठी अडकले आणि सोयापेंडीचं एक मोठं गिऱ्हाईक हातचं सुटलं. सोयाबीनचा भाव पडतो तेव्हा गावात बोलणं होतं ते आवक, ओलावा आणि व्यापाऱ्यांची साखळी यावर. व्हिएन्नातल्या समझोत्याचं कुणी नाव काढत नाही, आणि काढणार तरी कसं.

जग सपाट आहे, असं सांगणारे

या दोघांच्या आधी वेगळं सांगितलं जात होतं. रॉबर्ट केओहेन आणि जोसेफ नाय या अमेरिकन अभ्यासकांनी 1977 साली परस्परावलंबनावर पुस्तक लिहिलं. दोन देश एकमेकांवर अवलंबून असले तरी ते सारखं नसतं, ज्याचं कमी अडतं त्याचा वरचष्मा, हे त्यांनी सांगितलं होतं. पण त्यांच्या मांडणीत बहुतेक दोन देशांमधली देवाणघेवाण होती. नंतर जागतिकीकरणाच्या उत्साहात तेही मागं पडलं. 2005 मध्ये थॉमस फ्रीडमन या पत्रकारानं बेंगळुरूच्या आयटी कंपन्या पाहून जग आता सपाट झालंय असं लिहिलं आणि ते पुस्तक धो-धो खपलं. व्यापार वाढेल, सगळे सगळ्यांशी जोडले जातील, मग भांडायचं कोण, असा सूर होता.

फॅरेल-न्यूमन यांचं म्हणणं, जोडणी वाढली की ती सपाट होत नाही, ती ठराविक ठिकाणी गोळा होते. हे का, ते कांद्याच्या बाजारावरून बघा. लासलगावला कांदा का जातो? कारण तिथं व्यापारी जास्त. व्यापारी तिथं का? कारण कांदा तिथं येतो. चार तालुक्यांत चार बाजार असतात, पण एकदा एखादा मोठा झाला की नवा शेतकरी आणि नवा व्यापारी दोघंही तिकडंच वळतात. कुणी सक्ती केलेली नसते. बँकांचे निरोप, इंटरनेटच्या तारा, चिप बनवणारी यंत्रं, सगळ्यांचं असंच झालं. सगळ्यात बारीक चिप ज्या यंत्रावर छापतात ते यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. त्या चिप बनवण्यात तैवानची टीएसएमसी सगळ्यांच्या पुढं. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेनं चीनला प्रगत चिप मिळू नयेत म्हणून नियम काढले, ते याच नाक्यांच्या जोरावर.

एक गोष्ट मात्र त्यांनी बजावून सांगितली आहे. नाकं आपल्या हद्दीत असणं पुरत नाही. गेटची चावी आणि ती फिरवण्याचा कायदा, दोन्ही हातात लागतं. अमेरिकेच्या अर्थखात्यात निर्बंधांसाठी वेगळं कार्यालय आहे, कायदे आहेत, त्यात मुरलेले वकील आहेत. स्विफ्ट युरोपात असून युरोपला ते जमलं नाही, कारण सत्तावीस देशांचं एकमत व्हायचं आणि मग अंमल करणारी यंत्रणा पुन्हा प्रत्येकाची वेगळी.

गिऱ्हाईकही नाक दाबतं

विषय तसा अगदी नवा नाही. बर्लिनमध्ये 1915 साली ज्यू घरात जन्मलेला अल्बर्ट हिर्शमन हा पोरगा हिटलर सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये देश सोडून निघाला. स्पेनच्या यादवीत लढला, 1940 मध्ये फ्रान्सच्या मार्सेय बंदरात राहून निर्वासितांना चोरवाटांनी बाहेर काढण्याच्या कामात होता. पुढं अमेरिकेत पोचला आणि तिथं त्यानं पुस्तक लिहिलं, ते 1945 मध्ये छापून आलं. विषय: हिटलरच्या जर्मनीनं बल्गेरिया, हंगेरी, युगोस्लाव्हिया या शेतीवर जगणाऱ्या देशांना युद्धाआधी कसं खिशात घातलं.

फौज न पाठवता घातलं. जर्मनी त्यांचा गहू, तंबाखू, फळं घेऊ लागली, आणि भाव बाजारापेक्षा चढा देऊ लागली. मंदीच्या काळात कुणी माल विचारत नव्हतं, त्यामुळं शेतकरी खूश, सरकारं खूश. पैसे मात्र रोख नव्हते. जर्मनीतल्या खात्यावर जमा व्हायचे आणि त्यातून जर्मनीचाच माल घ्यायचा. दुकानदारानं माल घेऊन त्याच्याच दुकानातून बाजार भरायला लावावा, तसं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर बल्गेरियाची निम्म्याहून जास्त निर्यात एकट्या जर्मनीला जात होती. जर्मनीच्या एकूण व्यापारात बल्गेरियाचा हिस्सा किरकोळ. उद्या व्यापार थांबला तर बर्लिनमध्ये कुणाला कळणारही नाही, सोफियात मात्र सरकार पडेल. हिर्शमननं दाखवून दिलं की विकणाराच नाक दाबतो असं नाही, घेणाराही दाबू शकतो, आणि चढा भाव देऊन दाबू शकतो.

पिकाला चढा भाव देणारं एकच गिऱ्हाईक, हे ऐकायला सगळ्यांना गोड लागतं. कराराच्या शेतीत हात पोळलेल्यांना यापुढं सांगायची गरज नाही.

भारतानं स्वतः हे भोगलं ते धान्यात. 1954 च्या पीएल-480 कायद्याखाली अमेरिका आपलं जादा धान्य सवलतीत द्यायची. गहू स्वस्त येत होता, रुपयांत मिळत होता, म्हणून दिल्लीनं शेतीकडं हवं तितकं लक्ष दिलं नाही. मग 1965 आणि 1966 असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले आणि त्यातच पाकिस्तानशी युद्ध झालं. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लांब मुदतीचा करार नाकारला आणि जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडायला लावली. भारतानं शेतीचं धोरण बदलावं हा त्यांचा एक आग्रह होता. व्हिएतनामच्या युद्धावर भारत अमेरिकेला बोल लावतो, हा रागही होता. बंदरात जहाज लागायचं आणि धान्य थेट माणसाच्या तोंडात, साठा काही नाही, अशी अवस्था. 1966 मध्ये सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायची हाक दिली ती याच काळात. आपल्याकडची जुनी माणसं दुष्काळाचं बोलताना मिलोचं नाव काढतात, ती परदेशातून आलेली लालसर ज्वारी. भाकरी थापता थापता तुटायची, म्हणून बायका वैतागायच्या.

1966 मध्ये कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या पुढाकारानं मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं आलं. बाकीची हरितक्रांतीची कथा शाळेच्या पुस्तकात आहे. शाळेच्या पुस्तकात नसतं ते एवढंच, की या घाईमागं महिन्या-महिन्यानं सोडलेली ती जहाजंसुद्धा होती. आणि दुसरं असं की गव्हाचं परावलंबन संपलं त्याच वाटेवर खताचं सुरू झालं. नव्या वाणाला खत लागत होतं.

दाबलेलं नाक वाट शोधतं

या सिद्धांतावर आक्षेपही आहेत. 2021 मध्ये डॅनियल ड्रेझ्नर यांच्यासोबत या दोघांनी संपादित केलेल्या पुस्तकातच इतर अभ्यासकांनी प्रश्न विचारले आहेत. मुख्य प्रश्न असा: हे शस्त्र किती वेळा चालतं? एकदा नाक दाबलं की समोरचा पुढच्या वेळेसाठी वेगळी वाट बघतोच.

2014 मध्ये क्रिमिया प्रकरणात व्हिसा आणि मास्टरकार्डनं काही रशियन बँकांची सेवा थांबवली. रशियानं मीर नावाचं स्वतःचं कार्ड काढलं. 2022 मध्ये दोन्ही कंपन्या रशियातून पूर्ण बाहेर पडल्या, तेव्हा देशातले व्यवहार मीरवर चालू राहिले. भारताचं रुपे कार्ड 2012 मध्येच आलं होतं. बेलारूसचं पोटॅशही कायम पडून राहिलं नाही. ते रशियाच्या बंदरांवरून वळसा घालून जाऊ लागलं, आणि लिथुआनियाच्या रेल्वेचं भाडं बुडालं ते बुडालंच.

चीनचं उदाहरण दोन्ही बाजूंनी आहे. 2010 मध्ये समुद्रात मासेमारीच्या बोटीवरून जपानशी वाद झाला आणि चीनकडून जपानला जाणारी दुर्मिळ खनिजं अडली. जपान तेव्हापासून दुसरे पुरवठादार शोधतोय. तरी पंधरा वर्षांनी, एप्रिल 2025 मध्ये, चीननं सात दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीला परवाना लावला तेव्हा सगळं जग पुन्हा अडकलं. भारतातल्या इलेक्ट्रिक दुचाकी कंपन्यांना मोटारीसाठी लागणारं मॅग्नेट मिळेना. त्याच वर्षी, ठिबकमधून द्राक्ष-डाळिंबाला देतात त्या विद्राव्य खतांची चीनहून येणारी आवक अडल्याची तक्रार आयातदारांनी केली. म्हणजे वाट शोधणं बोलायला सोपं, बांधायला दहा-पंधरा वर्षं.

आणि कांदा. इथं गेट आपल्या हातात होतं. बांगलादेश कांद्यासाठी भारतावर अवलंबून. सप्टेंबर 2019 मध्ये भारतानं निर्यात बंद केली. त्या देशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरात दिल्लीत आल्या आणि आपण स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं हसत हसत बोलून गेल्या. सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा बंदी. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा, ती मे 2024 पर्यंत चालली, आणि उठली तरी 40 टक्के शुल्क राहिलं. दिल्लीला बांगलादेशचं नाक दाबायचं नव्हतं, शहरातल्या गिऱ्हाइकाचा कांदा स्वस्त ठेवायचा होता. पण ढाक्यातल्या माणसाला हेतूशी काय करायचं? त्याच्यासाठी गेट बंद ते बंद. बांगलादेशनं पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा आणायला सुरुवात केली, स्वतःच्या शेतकऱ्याला लागवडीला बळ दिलं, आणि त्याचा कांदा निघतो तेव्हा भारतीय कांद्याचे परवाने वेळोवेळी अडवायलाही तो शिकला. हे शस्त्र चालवायचा इरादा नसताना चाललं आणि जखम चालवणाऱ्याच्याच शेतकऱ्याला झाली. अभ्यासकांच्या पुस्तकांत अमेरिका, चीन, रशिया फार येतात. कांद्यावर कुणीतरी लिहायला हवं.

पोटॅशचं काय करायचं, तर त्यावर आपल्याकडंच एक लहानशी वाट आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जे काळं पाणी उरतं, ते जाळलं की राखेत पोटॅश शिल्लक राहतं. उसानं जमिनीतून उचललेलंच ते. त्याला पीडीएम म्हणतात आणि 2021 मध्ये केंद्रानं त्याला खताच्या अनुदान योजनेत घेतलं. मर्यादा अशी, की एमओपीत पोटॅश 60 टक्के असतं, पीडीएममध्ये किमान साडेचौदा. म्हणजे पन्नास किलोच्या एका एमओपीच्या गोणीत 30 किलो पोटॅश, तर पीडीएमच्या गोणीत सव्वासात. बाहेरची एक गोणी वाचवायची तर या चार गोण्या लागतात, वर थोडं जास्तच, आणि त्या बांधापर्यंत वाहून न्यायचं भाडं वेगळं.